ध्रुवावरची डबकी

मुलांनो, उत्तर ध्रुवावर जमीन नाही. तेथे समुद्र आहे. हिवाळ्यात त्याचे पाणी गोठून बर्फाचा विशाल थर तयार होतो. उन्हाळ्यात त्यातील बराच भाग वितळतो. १९८० च्या सुमारास सप्टेंबरात तेथे सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो जवळजवळ निम्माच उरला.

सुमारे १ लाख २७ हजार वर्षांपूर्वीही असे घडले असावे. तेव्हा पृथ्वीचा आस थोडा अधिक कललेला होता. त्यामुळे उत्तरेकडे उन्हाळ्यात कडक ऊन पडे. २०२० मध्ये ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी संगणकावर त्या काळाचे हवामान मांडून पाहिले. त्यात उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या समुद्रावर बर्फ उरलाच नाही!

एवढा बर्फ जातो कसा? उन्हाळा लागला, की बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. पांढरे हिम बहुतेक ऊन परत फेकते. डबके काळपट असते. ते ऊन शोषून घेते. मग पाणी तापते, भोवतीचा बर्फ वितळतो आणि डबके आणखी पसरते. डबके ते केवढे, आणि त्याचे काम केवढे!

हा बर्फ तरंगता असतो. म्हणून तो वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पेल्यात बर्फाचा खडा टाकून हे तुम्हीही पाहू शकता.

त्या काळची उष्णता सूर्यप्रकाशाने वाढली होती. आज ती कोळसा व तेल जाळल्याने वाढते आहे. २०५० पूर्वी एखाद्या सप्टेंबरात हा समुद्र जवळजवळ बर्फहीन होईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०२१ मध्ये सांगितले. ध्रुवीय अस्वल याच बर्फावर उभे राहून सील पकडते.