मालमोटारीचें चिलखत

मालमोटार हें मुळांत शांततेचें वाहन आहे. धान्याचीं पोतीं, सिमेंट, कापसाचे गठ्ठे, दुधाचे डबे इकडून तिकडे न्यावे, एवढ्यासाठींच तिचा जन्म. तिच्यावर बसणारा चालक सैन्याचा नोकर असला तरी त्याचें काम माल पोंचविण्याचें असतें, लढण्याचें नसतें. तथापि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत एकामागून एक युद्धांत कोणी ना कोणी, कोठल्या तरी कारखान्याच्या अंगणांत, मालमोटारीला पोलादी पत्रे ठोकून तिच्यावर बंदूक बसविली आहे. ह्या गाड्यांचे नकाशे कोणत्याही युद्धखात्यानें आधीं काढून ठेवलेले नसतात. लोहार, फिटर, आगगाडीच्या कारखान्यांतील कारागीर आणि पुष्कळदां स्वतः चालकच, हातीं लागेल त्या सामानांतून त्या उभ्या करितात.

मौज अशी कीं, ह्या वाटेनें कल्पना वस्तुस्थितीच्या आधीं चालून गेली होती. ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच कादंबरीकारानें १८८० सालीं वाफेवर चालणाऱ्या एका लोखंडी हत्तीची कथा प्रसिद्ध केली. हा हत्ती चाकांवरचीं दोन घरें ओढीत उत्तर हिंदुस्थानांतून फिरतो. कथेचा काळ सत्तावन्नच्या उठावानंतरचा असून तींतील खलपुरुष म्हणून व्हर्ननें चक्क नानासाहेब पेशव्यांना उभें केलें आहे. व्हर्न हिंदुस्थानांत कधीं आला नव्हता, आणि तें पानोपानीं दिसतें. मराठी वाचकाला तर ती कथा वाचतांना हसूं आणि राग हीं दोन्ही एकदमच येतात. परंतु घर, वाहन आणि किल्ला ह्या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रांत गुंफण्याची कल्पना तेथें स्पष्ट आहे. पुढें डिसेंबर १९०३ मध्यें एच्. जी. वेल्स ह्यानें लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकांत जमिनीवरून चालणाऱ्या लोखंडी युद्धनौकांची गोष्ट लिहिली. त्याचीं अजस्र यंत्रें खंदक ओलांडून जातात आणि आंत सुरक्षित बसलेले, शहरांत वाढलेले कारकुनी वळणाचे तरुण, खेड्यांतल्या रांगड्या घोडेस्वारांचा निःपात करितात. तेरा वर्षांनीं, १९१६ मध्यें, रणगाडा खरोखरच युद्धभूमीवर आला. वेल्सचें भाकित ह्या अर्थानें फळाला आलें. पण दरम्यानच्या काळांत जें घडलें तें त्याच्या लेखणीला सुचलें नव्हतें: चिलखत चढविलेलें वाहन प्रथम आलें तें प्रचंड यंत्राच्या रूपानें नव्हे, तर बॉयलरच्या पत्र्यांत गुंडाळलेल्या साध्या मोटारीच्या रूपानें.

१९१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत बेल्जममध्यें अँटवर्प येथें आणि फ्रान्समध्यें डंकर्क येथें हा प्रयोग झाला. डंकर्कला ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाचा सॅम्सन नांवाचा अधिकारी होता. शत्रूच्या घोडदळाला हटकण्यासाठीं त्याला मोटारी पाहिजे होत्या. त्यानें तेथील जहाजांच्या कारखान्यांतून बॉयलरचा पत्रा मिळविला आणि तो आपल्या मोटारींना ठोकून घेतला. बॉयलरचा पत्रा वाफेचा दाब सोसण्यासाठीं बनवितात, गोळी अडविण्यासाठीं नव्हे. जवळून झाडलेली रायफलची गोळी त्यांतून आरपार जाई. तरी अजिबात कांहीं नसण्यापेक्षां तें बरें, असा त्या वेळचा हिशेब होता.

सर्वांत चतुर उदाहरण डब्लिनचें. एप्रिल १९१६ मध्यें आयरिश क्रांतिकारकांनीं शहरांतल्या मोक्याच्या इमारती व्यापल्या. खिडक्यांतून आणि छपरांवरून येणाऱ्या गोळ्यांपुढें ब्रिटिश सैन्याला रस्ता ओलांडणें कठीण झालें. तेव्हां गिनेस ह्या प्रसिद्ध मद्याच्या कारखान्याच्या डेमलर मालमोटारी घेऊन इंचिकोर येथील आगगाडीच्या कारखान्यांत त्यांवर इंजिनांचीं धुराडीकडील लोखंडी पिंपें आडवीं बसविण्यांत आलीं. वाटोळ्या आकारामुळें गोळी निसटून जाण्याची शक्यता वाढे. गोळ्या झाडण्यासाठीं पिंपांना मोजकीं भोकें पाडलीं होतीं. परंतु त्यांच्या जोडीला तशींच कित्येक खोटीं भोकें काळ्या रंगानें रंगविलीं होतीं, म्हणजे नेमबाजाला खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें समजूं नये! पोलाद कमी पडलें तेथें रंगाऱ्याचा कुंचला कामीं आला.

येथें थोडें गणित करावें लागतें, कारण ह्या साऱ्या विषयाचें मर्म वजनांत आहे. सहा मिलिमीटर जाडीचा, एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा सुमारें ४७ किलो भरतो. मालमोटारीची चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पेटी दीड मीटर उंचीपर्यंत अशा पत्र्यानें वेढली तर अठरा चौरस मीटर पत्रा लागेल, आणि त्याचें वजन साडेआठशें किलोंच्या घरांत जाईल. त्यांत चालकाची खोली, इंजिन, तळ आणि छप्पर धरलेलें नाहीं. बंदूक, दारूगोळा आणि माणसें तर नाहींतच. हा सारा भार ज्या कमानी, टायर व ब्रेक सोसणार, ते दुसऱ्याच कामासाठीं घडविलेले. वजन उंचावर गेल्यामुळें गाडी वळणावर कलते. इंजिनापुढील जाळी झांकली तर पाणी उकळतें, आणि उघडी ठेवली तर पहिलीच गोळी तेथें बसते. चालकाला पाहण्यासाठीं फट मोठी ठेवावी तर तो मरतो, लहान ठेवावी तर गाडी खड्ड्यांत जाते. ह्या पेंचांतून पूर्ण सुटका कोणालाच सांपडलेली नाहीं. जो तो आपल्यापुरती तडजोड करितो.

स्पेनच्या यादवी युद्धांत १९३६ मध्यें कामगारसंघांनीं कारखान्यांतून अशा गाड्यांचा सपाटा लावला. लोक त्यांना काजळी फांसलेल्या म्हणून चिडवीत. त्यांवर मोठमोठीं अक्षरें रंगविलेलीं असत, शहरांतल्या मिरवणुकींत त्यांचा रुबाबहि दिसे. पण डोंगराळ कच्च्या रस्त्यावर त्यांतल्या पुष्कळशा आपल्याच वजनाखालीं रुतून बसल्या. इंग्लंडांत १९४० सालीं, जर्मन स्वारी आज येते कीं उद्यां अशी स्थिति असतांना, पोलाद मिळेना म्हणून जुन्या मालमोटारींवर काँक्रीटच्या कोठड्याच बांधल्या. विमानतळाच्या राखणीला त्या होत्या. त्या कशाबशा हलत, आणि एका दृष्टीनें तेवढेंच त्यांचें काम होतें. वॉर्सामध्यें १९४४ च्या उठावांत पोलिश गुप्तसैन्यानें शेव्हरोलेट मालमोटारीच्या सांगाड्यावर 'कुबुश' नांवाची चिलखती गाडी तयार केली. ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभीं विश्वविद्यालयाच्या इमारतींवरील हल्ल्यांत ती वापरली. इमारती हातीं आल्या नाहींत. गाडी मात्र वांचली आणि आज ती वॉर्साच्या सैनिकी संग्रहालयांत आहे. १९४८ मध्यें जेरुसलेमला अन्न नेणाऱ्या ज्यू काफिल्यांनीं दोन पातळ पत्र्यांमध्यें लांकूड घालून भिंती केल्या. जाड पत्रा नसेल तेव्हां ही युक्ति बरीच उपयोगी पडते: पहिल्या पत्र्याशीं गोळीचें टोंक बिघडतें, ती तिरपी होते, आणि दुसऱ्यावर आदळेपर्यंत तिचा जोर पुष्कळ ओसरलेला असतो.

परंतु मालमोटारीला चिलखत कां चढतें ह्याचा सर्वांत स्पष्ट दाखला व्हिएटनाममध्यें मिळतो. क्वी न्योन बंदरापासून प्लेइकूच्या डोंगराळ प्रदेशाकडे जाणारा १९ व्या क्रमांकाचा रस्ता घाटांतून, दाट झाडींतून जातो. ह्याच रस्त्यावर जून १९५४ मध्यें एका मोठ्या फ्रेंच पथकाचा दारुण संहार झाला होता. अमेरिकन सैन्याचा दाणागोटा, पेट्रोल, दारूगोळा हें सारें ह्याच वाटेनें जाई. २ सप्टेंबर १९६७ रोजीं आन् खे जवळ ३७ मालमोटारींच्या एका काफिल्यावर छापा पडला. राखणीला बंदुका लावलेल्या जीप होत्या. त्या फार काळ टिकल्या नाहींत. अवघ्या दहा मिनिटांत तीस मोटारी जळाल्या किंवा निकामी झाल्या, सात चालक ठार झाले आणि सतरा जखमी झाले.

ह्यानंतरच्या आठवड्यांत चालकांनीं स्वतःच उपाय काढला. प्रथम अडीच टनी मोटारींच्या पेटीभोंवतीं वाळूच्या गोण्या रचल्या. त्या प्रदेशांतल्या पावसांत गोण्या भिजून असह्य जड होत आणि गाडीची गति मारली जाई. मग पांच टनी मोटारी घेतल्या आणि त्यांना पोलादी पत्र्याच्या भिंती केल्या, पुढें पुढें दुहेरी. पोलाद सरळ मार्गानें मिळत नसे. तें मागून, अदलाबदल करून, मोडींतून, आणि कधीं कधीं कोणाला न विचारतांहि आणावें लागे. कांहींनीं तर मोडलेल्या चिलखती गाडीचा आखा सांगाडाच उचलून मोटारीच्या पेटींत बसविला. सामान्यतः दर दहा मोटारींमागें एक बंदूकवाली मोटार असे. तिचा दंडक विलक्षण होता: छापा पडला कीं बाकीच्या मोटारींनीं वेगानें बाहेर पडावयाचें, आणि हिनें मात्र उलट मारा चालू असलेल्या जागींच घुसावयाचें. तिच्यावर काम करणारे लोक मुळांत वाहतुकीचे होते, तरी ह्या कामासाठीं ते आपखुषीनें पुढें येत. ते गाडीला काळा रंग देत, तिचें नांव मोठ्या अक्षरांनीं काढीत. 'ब्रूटस', 'इस्पिकचा एक्का', 'विनाशाची पूर्वसंध्या' अशीं तीं नांवें होतीं. ह्यांपैकीं शेवटची गाडी व्हर्जिनियांतील फोर्ट यूस्टिस येथल्या वाहतूक-संग्रहालयांत ठेवलेली आहे. बाकीच्या बहुतेक युद्ध संपल्यावर मोडींत गेल्या, आणि त्यांबरोबर तो अनुभवहि गेला. ८ डिसेंबर २००४ रोजीं कुवेतच्या छावणींत एका सैनिकानें अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांना उघड विचारलें कीं, आपल्या गाड्यांसाठीं आम्हांला उकिरड्यांतून लोखंड कां शोधावें लागतें? इराकमधील काफिल्यांसाठीं पुनः बंदूकवाल्या मोटारी तयार करतांना व्हिएटनामच्या जुन्या चालकांचा सल्ला घेण्यांत आला. सैन्यखात्यांची स्मरणशक्ति एवढीच असावी, ह्याचें नवल वाटत नाहीं. वाईट मात्र वाटतें.

ह्या उलट एक दुसरी परंपरा आहे, ती चिलखत टाकून देणारांची. १९४० मध्यें मेजर बॅग्नोल्ड ह्यानें ईजिप्तमध्यें जें वाळवंटी दळ उभारलें त्याच्या शेव्हरोलेट मोटारींना दरवाजे वा छप्परहि ठेवलेलें नव्हतें. वजन वांचवून तेथें पेट्रोल आणि पाणी भरावयाचें होतें. इंजिनांतून निघणारी वाफ एका डब्यांत थंड करून तें पाणी परत वापरण्याची सोय त्यानें केली; टायरमधील हवा कमी केली म्हणजे वाळूंत चाक रुतत नाहीं हें तो जाणून होता. वाळूच्या टेंकड्या वाऱ्यानें कशा सरकतात ह्यावर त्याचा १९४१ चा ग्रंथ शास्त्रज्ञ आजहि वाचतात. पुढें ह्या दळाला हिंदी सैनिकांचें एक पथकहि जोडण्यांत आलें.

हीच पद्धति १९८७ मध्यें आफ्रिकेंतील चाड देशानें कळसास नेली. लिबियाच्या सैन्यानें उत्तर चाड व्यापला होता. त्याच्यापाशीं शेंकडों रणगाडे आणि विमानें होतीं. चाडच्या सैनिकांपाशीं होत्या फ्रान्सनें पुरविलेल्या सुमारें चारशें टोयोटा मोटारी, कांहींवर रणगाडाभेदी 'मिलान' अस्त्रें. २ जानेवारीस फादा येथें हसन जामूसच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं लिबियन तळ घेरला. रणगाड्याचा तोफ-मनोरा वळेपर्यंत टोयोटा बाजूला झालेली असे. त्या दिवशीं लिबियाचे सातशेंहून अधिक सैनिक पडले आणि नव्वदांहून अधिक रणगाडे गेले; चाडचे अठरा सैनिक आणि तीन मोटारी, एवढीच हानि सांगितली जाते. मार्चमध्यें वादी दूमचा विमानतळहि पडला. सप्टेंबरांत युद्धविराम झाला. ह्या युद्धाला इतिहासांत 'टोयोटा युद्ध' असेंच नांव पडलें. ज्या कारखान्यानें ती मोटार शेतकऱ्यासाठीं व कंत्राटदारासाठीं बनविली त्याला ही कीर्ति कितपत रुचली असेल?

विज्ञानकथा ह्या दोन परंपरांपैकीं जवळजवळ नेहमीं पहिलीच निवडते. रॉजर झेलाझ्नीच्या 'डॅम्नेशन ॲली' ह्या १९६९ च्या कादंबरींत अणुयुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेंतून लॉस एंजेल्सहून बॉस्टनला प्लेगची लस न्यावयाची असते, आणि ती नेणारी मोटार अग्निबाणांनीं व ज्वालायंत्रांनीं सज्ज असते. मुंबईच्या वाचकाला येथें १८९७ मध्यें ह्याच शहरांत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन आठवल्याशिवाय राहणार नाहींत. कथेचें खरें बळ अस्त्रांत नसून त्या औषधाच्या पेटींत आहे: एका शहराचा जीव मोटारीच्या मागच्या भागांत बसलेला आहे. जॉर्ज मिलर ह्यांच्या 'मॅड मॅक्स' चित्रपटांतहि १९८१ च्या कथेचा केंद्रबिंदु पेट्रोलची टांकी हाच आहे. २०१५ च्या चित्रपटासाठीं तर खऱ्या टाट्रा मालमोटारीवर अठरा चाकांचा राक्षस बांधून तो नामिबियाच्या वाळवंटांत प्रत्यक्ष चालविला. तेथें तोल, वजन, पाण्याचा उकाळा हे प्रश्न चित्रपटकारांनाहि सोडवावे लागले असणार, आणि म्हणूनच कीं काय, त्या गाड्या पडद्यावर खऱ्या वाटतात. मात्र कागदावरच्या लेखकाला कमानी तुटत नाहींत. त्याचा नायक बाराही महिने पूर्ण वेगानें धांवतो, आणि सुटे भाग कोठून येतात हें कोणी विचारीत नाहीं.

२०२२ पासूनच्या युक्रेन युद्धांत ह्या कलेला नवें वळण लागलें. तेथें मोटारीचा शत्रु समोरून वा बाजूनें येत नाहीं. कांहींशें ग्रॅम स्फोटक घेतलेलें, दुरून चालविलेलें एक लहानसें यंत्र वरून खालीं येतें. त्यामुळें आतां चालक आपल्या गाडीच्या डोक्यावर लोखंडी सळ्यांचे पिंजरे आणि जाळ्या वेल्डिंग करून बसवितात, म्हणजे स्फोट छपरापासून हातभर दूर व्हावा. पुढच्या ओळींकडे जाणाऱ्या कांहीं रस्त्यांवर तर मैलोगणती मासेमारीचीं जाळीं खांबांवर ताणलीं आहेत, आणि भाकरी, पाणी व जखमी घेऊन जाणाऱ्या मोटारी त्यांच्याखालून ये-जा करीत असतात.