डिझेल गाडी, गिअरबॉक्स आणि संशोधनाचा प्रश्न

‘हायवेसाठी कोणती डिझेल गाडी चांगली?’ यात मोजायचं काय, तेच ठरलेलं नाही. म्हणून आधी वापर लिहा. समजा, तुम्ही झरी जामणीहून पांढरकवडामार्गे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नेहमी नागपूरला जाता.

बीएस-६ डिझेल गाडीच्या डीपीएफ फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जळायला एक्झॉस्ट तापावा लागतो. सलग हायवेवर तो तापतो. रोज गावातल्या गावातच फिरलात, तर फिल्टर तुंबतो. म्हणजे डिझेल घ्यायचं की नाही, हे वापरावरून ठरतं.

आता गिअरबॉक्स. हायवेवर गिअर फारसे बदलतच नाहीत. टॉप गिअरमध्ये ठरावीक वेगाला इंजिनाचे आरपीएम किती, ते बघा. ऑटोमॅटिकची खरी सोय गर्दीत.

मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचं मायलेज ताडताना मात्र वेग, वजन, टायरमधली हवा सारखी ठेवा. एक गाडी ८० ने, दुसरी १०० ने चालवली, तर दुसरीला हवेचा विरोध सुमारे १.५६ पट, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोष वेगाचा, नाव गिअरबॉक्सचं! हाच कन्फाउंडिंग व्हेरिएबल. सिनॉप्सिस लिहिताना तुमच्या विषयातला ‘वेग’ कोणता, तो आधी शोधा.