माशीची जनुकं, एका क्लिकवर

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. (आंबा नासवणारी फळमाशी वेगळी.) ड्रोसोफिलाचा जीनोम मार्च 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे 14 हजार. ती नेमकं काय करतात, हे शोधताना पहिला थांबा असतो फ्लायबेस, 1992 पासून चालू असलेला खुला माहितीसाठा.

तिथे ‘व्हाइट’ टाइप करून पाहा. जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, तेच हे जनुक. क्रमांक एफबीजीएन 0003996. त्याची जागा, उत्परिवर्तनं, शतकभराचे शोधनिबंध, सगळं एकाच पानावर.

माणसातलं जुळणारं जनुक हवं असेल, तर हार्वर्डच्या चमूचं ‘डायऑप्ट’ हे ऑनलाइन साधन. ते अनेक पद्धतींचा कौल घेऊन गुण देतं. माशीचं ‘आयलेस’ टाकलं की माणसाचं ‘पॅक्स 6’ समोर येतं. दोन्ही डोळ्यांच्या घडणीशी निगडित.

पण जनुक बंद करून बघायचं तर जिवंत माशीच लागते. ती पुरवतात अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनची आणि व्हिएन्नाची केंद्रं. व्हिएन्नाकडे आरएनएआय (आरएनएच्या मदतीने ठरावीक जनुक दाबण्याचं तंत्र) माशांचा प्रचंड संग्रह आहे, आणि ऑर्डर ऑनलाइन देता येते. बंगळुरूतही माशी-सुविधा केंद्र आहे.

फुकट वापराची सवय मात्र महागात पडते. 2025 मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डची अनुदानं रोखली, फ्लायबेसचा निधी हार्वर्डमार्फत येत असल्याने त्याची झळ फ्लायबेसलाही बसली आणि जगभरच्या प्रयोगशाळांपुढे वर्गणीसाठी हात पसरावा लागला.