लांब पल्ल्याची शर्यत आणि आपली माणसं

तुकोबांची पालखी बेलवाडीला आली की गोल रिंगण होतं. पताकावाले पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया पळतात, विणेकरी पळतात, अश्व दौडतो. तेव्हा पळण्याचं अप्रूप आपल्याला नाही. अप्रूप आहे ते डोंगरवाटांवरून पन्नास-शंभर किलोमीटर पळण्याचं. याला ‘अल्ट्रा ट्रेल’ म्हणतात. सिंहगड-राजगड-तोरणा अशी एक शर्यत आपल्याच जिल्ह्यात होते.

ही रीत वाढली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. 1974 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत गॉर्डी एन्सली नावाचा गडी घोड्याविनाच उतरला आणि 23 तास 42 मिनिटांत पोचला. पुढे बरीच वर्षं हा मूठभर हौशी लोकांचा मेळा होता. 2003 मध्ये युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवतीची शर्यत सुरू झाली. 2021 मध्ये तिच्या संयोजकांनी आयर्नमॅन कंपनीशी हातमिळवणी केली. आज तिथं जायचं तर आधी त्यांच्याच दुसऱ्या शर्यती पळायच्या, मग सोडतीत नाव निघायची वाट बघायची. वर फी, भारी बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी. बॅटरी-शिट्टीची सक्ती मात्र मला पटते; रात्रीचा डोंगर कुणाचा सगा नसतो. फीचं तसं नाही.

कारण बारामतीच्या लताबाई करे आठवतात. 2013 च्या सुमारास, साठी उलटलेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते, म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत त्या नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं. 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. शहाण्यांनो, दारातच हजार-दोन हजार फी मागितली असती, तर ही बाई आत आली असती का?

नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर पहाटे जाऊन बघा. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी आपली पोरं धापा टाकत असतात, पोरीही असतात. भरती हुकली की पळणंही सुटतं. त्यातल्या कुणात पन्नास किलोमीटरचा दम आहे, हे कुणी बघितलेलंच नसतं.

माझी सूचना एवढीच. बॉयलर पेटण्याआधी, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत, कालव्याकडेनं बिनफीची एक लांब शर्यत ठेवावी. गूळ-शेंगदाणे आणि पाणी ज्याच्या त्याच्या शिवारातल्या सभासदांनी द्यावं. साठीपुढच्यांचा गट वेगळा असावा, आणि बुटांची सक्ती नको.