हिंगोट, गौतमपुरा आणि संपादक मंडळ

एखाद्या बहुशाखीय विज्ञान नियतकालिकाच्या संपादक मंडळात नवे सदस्य आले की स्वागताचे फोटो झळकतात. पण ही माणसं करतात काय? आमच्या माळव्यातल्या उदाहरणानं सांगतो.

इंदूर जिल्ह्यातलं गौतमपुरा. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथले ‘तुर्रा’ आणि रुणजीचे ‘कलंगी’ हे गट समोरासमोर येतात नि एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. हिंगोट म्हणजे आपलं हिंगणबेट! फळ पोखरून, वाळवून आत दारू ठासतात.

समजा, यावर कुणी शोधनिबंध पाठवला. कवच इतकं टणक का, हे वनस्पतिशास्त्रज्ञ तपासेल. सोरा, गंधक, कोळशाचं रसायनवाल्याला कळेल. फेकलेलं हिंगोट वाट का बदलतं, हे भौतिकीचं काम. भाजण्याच्या जखमा डॉक्टरकडे, तुर्रा-कलंगी समाजशास्त्रज्ञाकडे. एकट्या संपादकाला हे झेपणार कसं? म्हणून मंडळात नाना विषयांची माणसं लागतात. निबंध कुणाकडून तपासून घ्यायचा, हे ती सुचवतात. परीक्षकांचे मतभेद झाले तर तोडगा काढतात. लेखक स्वतःचाच सहकारी निघाला, तर बाजूला होतात. (हे शेवटचं सगळ्यात अवघड, असं माझं मत!)

आपल्याकडे १९३२ पासून बंगळुरूहून निघणारं ‘करंट सायन्स’ असंच सर्व शाखांचं. गंमत म्हणजे ‘नेचर’ला बाहेरच्या शास्त्रज्ञांचं संपादक मंडळच नाही, तिथे निर्णय पूर्णवेळ संपादक घेतात.

तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो दिसला, तर हारांपेक्षा नावांपुढचे विषय आधी वाचा.