डोळ्यांपुढचे काजवे

डोळ्यांपुढे काजवे चमकले, असं आपण सहज म्हणतो. पाच महिने उलटून गेलेली गरोदर बाई असं म्हणाली आणि तिचं डोकंही ठणकत असेल, तर आधी तिचं बीपी मोजावं. तिचे डोळे बहुधा धडधाकट असतात. काजवे चमकतात ते मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र आहे. गरोदरपणात बीपी वाढण्याच्या या आजारात पुढे येणाऱ्या आकडीला वैद्यक एक्लॅम्पसिया म्हणतं, आणि ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं त्याचा अर्थच लखलखाट.

एरवी रक्तदाब वाढला की मेंदूतल्या धमन्या आकसतात आणि आतला प्रवाह आवरून धरतात. दाब १६०/११० च्या पलीकडे गेला, शिवाय रक्तवाहिन्यांचं अस्तर या आजाराने आधीच दुबळं झालेलं असलं, तर हा बांध फुटू शकतो. रक्तातलं पाणी झिरपून मेंदू सुजतो. मागच्या भागातल्या धमन्यांना आवरणारे मज्जातंतू मुळातच विरळ, म्हणून पहिला तडाखा तिथे. काही जणींना अचानक दिसेनासं होतं. डोळ्यावर बॅटरी मारली तर बाहुली नीट आकसते, तरी समोर अंधार! दाब आटोक्यात आला की बहुतेकींची दृष्टी काही दिवसांत परतते. मेंदूत रक्तस्राव झाला तर मात्र जिवावर बेततं.

बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. आकडी नंतरच्या ४८ तासांत येऊ शकते, क्वचित काही आठवड्यांनीही. माहेरी आलेल्या बाळंतिणीचं डोकं दुखतं ते जागरणानेच, असं धरून बसू नये.

या आकडीवरचं औषध आहे एक साधं, स्वस्त मीठ. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू झऱ्यात सापडलेलं हे मॅग्नेशियम सल्फेट. १९९५ च्या मोठ्या चाचणीत पुन्हा आकडी येणं रोखण्यात त्याने डायझेपाम आणि फिनिटॉइन या दोन्ही नावाजलेल्या औषधांना मागे टाकलं. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत दिसलं, की आधीच दिल्यास आकडीचा धोका निम्म्याहून जास्त घटतो. आपल्याकडच्या बायकांची वजनं कमी असतात, म्हणून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत मांडली.

मात्रा जास्त झाली तर हेच मीठ श्वास थांबवतं. पण त्याआधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो. म्हणून पुढच्या डोसाआधी लघवी मोजतात, श्वास मोजतात, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघतात. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेटचा उतारा तयार असतो. पाय उडाला, की मगच पुढचं इंजेक्शन.