माणसाला पुन्हा उभे करणारे शिक्षण

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा वाचा-श्रवण शास्त्राची पदवी घेतलेल्या मुलामुलींनी पुढे का शिकावे, कुठे शिकावे आणि पालकांनी आधी काय तपासून घ्यावे?

मोहल्ल्यात कोणाला अर्धांगवायूचा झटका आला की पहिले चार दिवस सगळी बिरादरी धावून येते. कोणी रिक्षा आणतो, कोणी बिलाला हातभार लावतो, रात्री जागायला पोरे असतात. रुग्ण घरी आला की भेटणाऱ्यांची रीघ लागते, दुआ होते आणि मग जो तो आपल्या कामाला लागतो. घरच्यांची खरी परीक्षा तिथून सुरू होते. उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, पाणी गिळताना ठसका लागतो. "आराम करू द्या," असे सगळे सांगतात. कोणी तेल सुचवतो, कोणी मालिशवाला पाठवतो. अर्धांगवायूनंतर सर्वांत वेगाने सुधारणा होते ती पहिल्या काही महिन्यांत, आणि अनेक घरांत नेमके तेच महिने अंथरुणात जातात.

हे महिने वाया जाऊ नयेत म्हणून काम करणारे शास्त्र म्हणजे पुनर्वसनशास्त्र. डॉक्टर जीव वाचवतात. वाचलेल्या माणसाला पुन्हा चालते, बोलते, कमावते करण्याचे काम या शास्त्रातील लोक करतात. फिजिओथेरपिस्ट चालणे आणि तोल परत आणतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जेवणे, कपडे घालणे, स्वयंपाक, शिवणकाम अशी रोजची कामे नव्याने शिकवतो. स्पीच थेरपिस्ट वाचा आणि गिळणे यांवर काम करतो, तर ऑडिओलॉजिस्ट कानांवर. कृत्रिम हात-पाय आणि आधाराचे पट्टे बनवणारा तज्ज्ञ वेगळा असतो, आणि मतिमंद किंवा कर्णबधिर मुलांचे विशेष शिक्षक वेगळे.

गरज किती मोठी आहे? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातील जखमा हे सारे आता त्यात येते. कायद्याने हक्क दिला. तो घरापर्यंत पोहोचवायला प्रशिक्षित माणसे लागतात.

मुंबईचा वारसा

या शिक्षणाची भारतातील पायाभरणी मोठ्या प्रमाणात मुंबईत झाली. जन्माने अमेरिकन आणि लग्नानंतर निंबकरांच्या घरची सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. हाजीअलीला जियारतीसाठी जाणाऱ्या अनेकांना माहीत नसते की तिथे जवळच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ती १९५५ पासून काम करते आहे. वांद्रे रेक्लमेशन येथील वाचा व श्रवण दिव्यांगांची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तिला नाव आहे नवाब अली यावर जंग यांचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेला हा माणूस. या संस्थांच्या दारावरून आपण रोज जातो. आपली मुले आत शिकायला जायला हवीत.

पदवीनंतर आणखी दोन वर्षे कशाला?

फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून बरीच वर्षे घेते. त्यानंतर घरात हमखास ऐकू येते, "आता बस झाले. क्लिनिक टाक," आणि मुलगी असेल तर, "आता लग्नाचे बघू." म्हणून मास्टर्सची दोन वर्षे नेमके काय देतात ते समजून घेऊ.

पदवीत सगळ्याची ओळख होते. मास्टर्समध्ये एक शाखा निवडावी लागते: हाडे-सांधे-स्नायू, मेंदू व मज्जासंस्था, हृदय व फुप्फुसे, खेळाडूंच्या दुखापती किंवा सामुदायिक आरोग्य. रोज वॉर्डात रुग्ण पाहायचे, अवघड रुग्णांवर वरिष्ठांपुढे चर्चा करायची, आणि एक विषय घेऊन स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा. "असेच करतात" यावर न थांबता "याने खरेच फरक पडतो का" हे तपासण्याची सवय लागते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर मास्टर्स लागतेच. मोठ्या रुग्णालयांतही विशेष विभागांसाठी तिला प्राधान्य मिळते.

एक उदाहरण घेऊ. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश दुमडला तरी भागते. नमाजमध्ये मात्र सजद्यात जाताना आणि बसताना तो जवळपास पूर्ण दुमडावा लागतो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेली आजी चालू लागली की कागदोपत्री उपचार यशस्वी ठरतात. आजी मात्र विचारते, "बेटा, मी जमिनीवर कधी बसणार?" चांगला तज्ज्ञ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारतो. कोणता सांधा किती वाकेल, जमिनीवरून कसे उठायचे, वुजूसाठी स्टूल आणि नळ किती उंचीवर हवा, खुर्ची कधी वापरायची, हे तो ठरवतो. दीनने आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास पडून इशाऱ्याने नमाजची सवलत दिली आहे. मसला आलिमांना विचारावा. पण शरीराला काय जमते आणि सरावाने काय जमू शकेल, हे प्रामाणिकपणे सांगणारा तज्ज्ञही हवा. आपल्या घरांतील बसणे-उठणे जाणणाऱ्या विद्यार्थ्याने असा विषय प्रबंधासाठी घेतला तर त्याचा उपयोग असंख्य घरांना होईल.

मुलींसाठी मोठे क्षेत्र

बाळंतपणानंतर खोकताना किंवा शिंकताना लघवी सुटणे हा त्रास आपल्या कितीतरी बहिणी वर्षानुवर्षे सोसतात. वुजू टिकत नाही म्हणून कुढतात, पण कोणाला सांगत नाहीत. योग्य व्यायामाने यात बऱ्याच जणींना आराम पडतो. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हाताला येणारी सूज, पाठ आणि कंबर यांचे दुखणे, यांसाठीही अनेक स्त्रिया पुरुषाकडे जायला तयार नसतात. त्यामुळे उपचारच राहून जातात. आपली एक मुलगी या विषयात तज्ज्ञ झाली तर साऱ्या वस्तीतल्या बायकांसाठी एक दार उघडते. हे काम रुग्णालयात, शाळेत किंवा स्वतःच्या छोट्या केंद्रात, आपल्या सोयीच्या वेळेत करता येते. स्थळ पाहताना मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे आधीच बोलून घेतले तर दोन्ही गोष्टी साधतात.

कुठे आणि कसे?

महाराष्ट्रात हे अभ्यासक्रम बहुतांशी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत चालतात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण आणि कृत्रिम अवयव या चारही शाखांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष परीक्षा घेतो. वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेत वाचा-श्रवण आणि कर्णबधिरांचे विशेष शिक्षण यांतील मास्टर्स करता येते. एमबीबीएस झालेल्यांसाठी याच क्षेत्रात एमडीचा स्वतंत्र मार्ग आहे.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामिया येथे फिजिओथेरपी व पुनर्वसनशास्त्र केंद्र आहे. हकीम अब्दुल हमीद यांनी उभारलेल्या जामिया हमदर्दमध्येही पुनर्वसनशास्त्राचा विभाग आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या विषयात देशात नावाजलेली आहे.

पैसे भरण्याआधी

सुंदर इमारत आणि भारदस्त नावाचा अभ्यासक्रम पाहून भुलू नका. वाचा-श्रवण, कृत्रिम अवयव आणि विशेष शिक्षण या अभ्यासक्रमांना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. १९९२च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे, आणि २०२१ च्या कायद्याने देशपातळीवर आयोगही आला आहे. म्हणून तीन गोष्टी विचारा. या वर्षासाठी मान्यता आहे का? मान्य जागा किती? महाविद्यालयाच्या स्वतःच्या रुग्णालयात रोज किती रुग्ण येतात? रुग्णच नसतील तर पुस्तकी पदवी हाती येईल, हातात कसब येणार नाही.

फीचा प्रश्न खरा आहे. सरकारी व महापालिका संस्थांत फी कमी असते, म्हणून सीईटीचा अभ्यास मनापासून करावा. जुलाहा-मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जात प्रमाणपत्र, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर ही कागदपत्रे प्रवेशाच्या वर्षभर आधी तयार ठेवावीत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हेही घरात आधी बोलून घ्यावे. नाव होते ते हाताच्या गुणाने आणि सबुरीने.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दृष्टिहीन सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडे अजानची जबाबदारी दिली होती आणि स्वतः मदीनेबाहेर असताना तेथील इमामतही त्यांच्यावर सोपवली होती. दया करून कोपऱ्यात बसवण्याऐवजी त्यांना काम आणि मान दिला. आपल्या मोहल्ल्यातील अंथरुणाला खिळलेले चाचा, शाळेत न गेलेले सेरेब्रल पाल्सीचे लेकरू, मागावर बोटे गमावलेला तरुण यांनाही तेच हवे आहे. ते देण्याची विद्या आपली मुले शिकत असतील तर त्यांना मध्येच थांबवू नका. जकात आणि सदक्याच्या रकमा गोळा करणाऱ्या संस्थांनी आलिमांच्या सल्ल्याने दरवर्षी अशा एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी उचलली, तरी दोन वर्षांनी एका वस्तीला तिचा तज्ज्ञ मिळेल, इन्शाअल्लाह.